घासलेल्या कड्या

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
३० सप्टेंबर

इंद्रा,

पत्राच्या माथ्यावर आशीर्वाद लिहायची रीत आहे. पण तू मोठ्या बहिणीचा फोन उचलत नाहीस, तर आशीर्वाद तरी कशाला उचलशील? रूपाली म्हणाली, "ताई, ते तुमचा मेसेज उघडूनसुद्धा बघत नाहीत. कागद असला तर वाचतील. ऑफिसच्या पत्त्यावर टाका." तुझी बायको तुझ्यापेक्षा शहाणी आहे. म्हणून हा कागद. फेकायचाच असेल तर वाचून फेक.

भांडायला लिहीत नाही. तात्यांचं सांगायचंय.

घट बसले त्या दिवशी त्यांनी मला माळ्यावरून काठी काढायला लावली. मासे धरायची, ती काळी. तू चंद्रपूरला गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. मला वाटलं, विसरले. कशाचे विसरतात. दुकानात माझ्या कापायच्या टेबलावर, गिऱ्हाइकांच्या ब्लाऊजवरच आडवी टाकली आणि म्हणाले, "तनू, कापूस आण."

"कसला कापूस?"

"वातीचा. देवघरातला."

मी म्हटलं आता काठीची आरती करतात की काय. पण त्यांनी कापसाचा पुंजका घेतला आणि काठीवरच्या एकेका कडीतून ओढून काढला. तुला हे सगळं ठाऊक असेल, तू जायचास त्यांच्यासोबत. मला पहिल्यांदाच कळलं. दोरी त्या कड्यांतून धावते, ओली दोरी रेती घेऊन येते, आणि वर्षानुवर्षं घासून कडीला आतून खाच पडते. डोळ्याला दिसत नाही. कापसाला कळते. शेंड्याच्या कडीत कापूस असा अडकला की ओढून काढावा लागला.

"ही कडी नाय राहिली आता," तात्या म्हणाले. "ही ब्लेड झाली. मोठा मासा लागला की दोरी कापती. सगळ्या बदलाव्या लागतील."

मी तोंडानं अरेरे म्हटलं. मनात म्हटलं, देवी पावली.

कारण तुला माहीत नाही, श्रावणात त्यांना परत फिट आली. न्हाणीत. मी दार तोडलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, गॅसजवळ एकटं सोडू नका, गच्चीवर नको, आणि पाण्याच्या काठाचं तर नावच काढू नका. गुडघाभर पाण्यात फिट आली तरी माणूस जातो. हे तात्यांना सांगितलं तर त्यांनी डॉक्टरलाच विचारलं, "तुम्ही कवा गेलता का कायगावला? लई गार वारं असतं."

आता कायगावला धरणाचं पाणी पार घाटाच्या पायऱ्यांना लागलंय, आणि यांना काठी आठवली. पण त्यांचा स्वभाव तुला माहीतच आहे, सामान धड नसेल तर पाण्यावर जायचं नाही. आयुष्यभर पाटबंधारे खात्यात हेच केलं, गेटला तेल नसलं की चाक फिरवू द्यायचे नाहीत. तेव्हा कड्या नाहीत तोवर माणूस घरात. मी म्हटलं, "आणते की गुलमंडीतून." आणणार नाही.

तू इथं असतास तर काय केलं असतंस ते मला पाठ आहे. स्कूटरचं केलंस तेच. त्रिमूर्ती चौकात पडले, ठीक आहे, गाडी बंद करायलाच हवी होती. पण भर गल्लीत त्यांच्या मुठीतून किल्ली काढून घ्यायची? "तात्या, आजपासून गाडी बंद," असं सगळ्यांच्या देखत? म्हणून तर त्यांनी तुला दिवाळीच्या पाहुण्यांसमोर, रूपालीच्या आईवडिलांसमोर चोर म्हटलं. मग तू बदली मागून घेतलीस आणि दोघंही तोंडाला कुलूप लावून बसलात. म्हाताऱ्या माणसाला असं अंगावर जाऊन सांभाळत नसतात, इंद्रा. गोडीगुलाबीनं सांभाळावं लागतं. बघ, माझ्याशी त्यांचा कधी चढा आवाज झालाय का.

दसऱ्याला एक फोन कर त्यांना. सोनं घ्या म्हण. एवढंच.

तुझी ताई


९ ऑक्टोबर

इंद्रा,

दसरा गेला. तुझा फोन आला नाही. तात्यांनी दिवसभर मोबाईल सदऱ्याच्या खिशात ठेवला होता, एरवी तो कुठं पडलेला असतो तेही त्यांना माहीत नसतं.

इकडं माझ्या मागं कड्यांचा भुंगा लागलाय. सकाळी चहाला, "गुलमंडीत कवा चालली?" गेले मी गुलमंडीत. अस्तराचं कापड आणलं, रीळं आणली, परत येऊन सांगितलं, ते दुकान बंद पडलं. "कोन्तं दुकान?" म्हणाले. मी तिथं कुठल्या दुकानात असल्या वस्तू मिळतात हेसुद्धा विचारलं नव्हतं, मग तोंडाला आलं ते नाव सांगितलं. ते माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "मंग मोबाईलवरून मागव. सगळं जग मागवायलंय." मी त्यांच्यासमोर मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हटलं, मागवल्या.

वाटलं, आता शांत बसतील. तर परवा छत्री शोधते तर छत्रीच्या काड्या गायब. हा माणूस मागच्या ओट्यावर पक्कड घेऊन बसलेला, काडीची तार वाकवून कड्या करायलेत. हात थरथरतो, पक्कड घसरली, अंगठा फाटला. मी चिडून पक्कड हिसकावणार होते, पण तुझी आठवण झाली आणि हात मागं घेतला. हळद लावली, पट्टी बांधली.

पट्टी बांधत असताना म्हणाले, "तुझा हात दोऱ्याला चांगलाय. आल्या की तूच बांधून दे. ब्लाऊजचं गोंडं बांधतीस तसं. आपल्याला शेजारच्या कुणाचं उपकार नको."

मी हो म्हटलं.

तुला सांगू का, हे मला लागलं. मी सासरहून पेटी घेऊन आले तेव्हा या माणसानं एक प्रश्न विचारला नाही. कामून आलीस, किती दिवस आलीस, काही नाही. दुसऱ्या दिवशी पुढची खोली रिकामी केली, स्वतःची खाट मधल्या खोलीत नेली, आणि माझं मशीन खिडकीशी लावून दिलं. आता तोच माणूस गल्लीत सांगत फिरतो, लेक काठी नीट करून देणारंय. आणि लेक दिवसरात्र मनात म्हणते, कड्या कधीच न येवोत.

पण मी चूक करत नाही. कालच चहा पिताना त्यांचा उजवा अंगठा बोटांवर फिरायला लागला. मी कप काढून घेतला, खांद्याला धरलं. थोड्या वेळानं गेलं. ते म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, माशी होती.

रूपालीला विचार, दिवाळीला येता का. मी तात्यांना काही बोललेली नाही.

ताई


१८ ऑक्टोबर

इंद्रजीत,

तुझं डोकं ठिकाणावर आहे का?

काल वसुबारस. मी भाकरी गायीला घालून येते तर दाराशी कुरियरवाला. चंद्रपूरहून पाकीट. मला वाटलं, दिवाळीचं काही पाठवलं असेल, भाऊबीज आलीच आहे. उघडलं तर कड्या. लहानमोठ्या, सगळ्या मापाच्या, शेंड्याचीसुद्धा. आणि चिठ्ठीवर: "बसवून दे. सोबत जा."

एवढंच. दोन वर्षांत बहिणीला लिहिलेलं पहिलं अक्षर आणि त्यात हुकूम.

किल्ली तू काढून घेतलीस ना रे? तूच ना? आणि आता तूच म्हाताऱ्याला पाण्यात ढकलायला निघालास. सोबत जा म्हणे. चंद्रपूरला बसून सोबत जा लिहायला काय जातं. मी पाण्याला भिते हे तुला लहानपणापासून माहीत आहे, विहिरीत डोकावलं तरी माझे पाय गळतात. फिट आली तर मी काय करणार तिथं, काठावर उभी राहून बोंबलणार? आणि दिवाळीचे ब्लाऊज डोक्यावर आहेत. बाया दारात येऊन बसल्यात. मी दुकान टाकून गळाला कणकेचे गोळे लावत बसू?

पाकीट मी मशीनच्या खणात ठेवलंय, मोडक्या सुयांच्या डबीखाली. तिथं कुणी हात घालत नाही.

संध्याकाळी तात्या लसूण सोलत होते. म्हणाले, "आल्या का गं कड्या?"

"नाही आल्या."

"बरं," म्हणाले, आणि सोलत राहिले.

बघितलंस? हल्ली चिडतसुद्धा नाहीत. सवय होतेय हळूहळू. तू मध्ये पडू नकोस. पडायचंच असेल तर स्वतः ये, त्यांच्यासमोर उभा राहा, आणि मग शहाणपणा शिकव.

भाऊबीजेची ओवाळणी नको मला.


घाटी दवाखाना
४ नोव्हेंबर

इंद्रा,

तात्या बरे आहेत. ते आधी लिहिते.

रूपालीला फोन केला तेव्हाच सांगितलं होतं की धोका टळलाय. तू म्हणालास म्हणे, "ताईला म्हणावं, काय झालं ते सगळं लिही." लिहिते. इथं वॉर्डाबाहेर बाकावर बसलेय, मांडीवर फाईल घेऊन.

रविवारी मी गारखेड्याला एका गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायला गेले होते. परत आले तर दाराला कुलूप, किल्ली शेजारी, आणि काठी नाही. मोबाईल खाटेवर ठेवून गेलेले. मला कुणी सांगायची गरज पडली नाही. तशीच रिक्षा करून स्टँडवर, आणि नगरच्या एसटीत बसले. वाळूजला ट्राफिक लागलं तेव्हा मी उभी राहून ड्रायव्हरला काहीबाही बोलले. काय बोलले आठवत नाही.

घाटावर गर्दी होती. कुणाचातरी दहावा होता. न्हाव्याची गडबड, भात, पिंड, सगळं मांडलेलं, आणि त्याच्या शेजारी, ओल्या पायरीवर, माझा बाप निजवलेला. कुणीतरी उपरणं पांघरलं होतं. इंद्रा, मला वाटलं ते झालं.

दहाव्याला आलेल्या माणसांनीच त्यांना पाण्यातून उचललं होतं. तिथं दर्भ-तीळ विकायला बसणाऱ्या द्वारकाबाईंनी सगळं बघितलं. म्हणाल्या, "म्हातारं सकाळपासून गप बसलं हुतं. मंग मोठा मासा लागला. काठी अशी कमान झाली. उठून पाण्यात शिरलं गुडघ्याएवढं, लई खुशीत हुतं बरं का. आन् तटकन दोरी तुटली. मागं आपटलं ते उठलंच नाय. हातपाय झाडायलं. मला वाटलं पोहायलंय."

नाकातोंडात पाणी गेलं होतं. आज नळ्या काढल्या. उठून बसतात, पेज घेतात. डॉक्टरांशी बोलतात, सिस्टरशी बोलतात, शेजारच्या खाटेवरच्याला उसाचा भाव विचारतात. माझ्याशी बोलत नाहीत. अशक्तपणा असेल.

दोरी जुनी होती. कुठं आणि कशी तुटली ते मला माहीत नाही.

ताई


पुंडलिकनगर
१२ नोव्हेंबर

इंद्रा,

मागच्या पत्रातली शेवटची ओळ खोटी आहे. दोरी कुठं तुटली ते मी घाटावरच बघितलं होतं. काठी पायरीवर पडली होती, तुटकं टोक शेंड्याच्या कडीशी लोंबत होतं, आणि ते टोक कुरतडल्यासारखं झालं होतं. कडीच्या खाचेत दोरीचा भुगा होता. मशीनच्या खणातली नवी कडी तिथं असती तर दोरी तुटली नसती. ते आपटले नसते. मला वाटलं, कापणाऱ्या कड्या त्यांना घरात ठेवतील. कड्यांनी घरात ठेवलं नाही. पाण्यात पाडलं.

तात्यांना घरी आणलं त्या संध्याकाळी मी खण उघडला आणि पाकीट त्यांच्यासमोर ठेवलं.

"कवा आलं?" एवढ्या दिवसांत माझ्याशी बोललेला पहिला शब्द.

माझी जीभ बघ, इंद्रा. एवढं सगळं होऊनसुद्धा ती म्हणाली, "कालच."

त्यांनी उशीखालचा मोबाईल काढला आणि माझ्यापुढं धरला. कुरियरचा मेसेज. आपलं पार्सल पोहोचलं आहे, तारीख वसुबारसेची. घरच्या पत्त्याला गॅसपासून सगळीकडं तात्यांचाच नंबर आहे, तूही तोच टाकला असशील. तुझ्याही लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लसूण सोलत "आल्या का गं" विचारलं तेव्हाही माहीत होतं. त्यानंतर पूर्ण दिवाळीभर विचारत राहिले, आणि मी प्रत्येक वेळी त्यांच्या डोळ्यात बघून नाही म्हणाले.

"तात्या, तेव्हाच कामून नाही बोललात?"

"कवा सांगतीस ते बघत हुतो."

"मग मागून तरी घ्यायच्या. घासलेल्या कड्यांनी कशाला गेलात? तुम्ही असे कधी जात नाही."

"माझ्याच घरात माझ्याच वस्तूची झडती घेऊ व्हय मी?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग म्हणाले, आणि हे तुला जसंच्या तसं लिहितेय, कारण हे माझं नाही, तुझं आहे: "इंद्र्याला मी चोर म्हनलो. चार लोकांत म्हनलो. चोर कधी तोंडासमोर येऊन घेत नसतो, तनू. त्यो आला हुता."

हे लिहायला मला तीन कागद लागले. तुला गोडीगुलाबी शिकवत होते मी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काठी परत टेबलावर घेतली. दुकान बंद ठेवायला लावलं. त्यांच्या हातात आता सुई धरायचीही ताकद नाही, म्हणून मीच केलं, ते बाजूला बसून बघत होते. जुने दोरे टाके उसवायच्या ब्लेडनं कापले, काठीला ओरखडा न येऊ देता. कडीचा पाय कानशीनं उतरता केला. मग रेशमी दोरा, माझ्याकडचा डाळिंबी, फेऱ्याला फेरा चिकटून. ते मांडीवर काठी फिरवायचे, मी दोरा ताणून धरायचे. चार-सहा फेरे झाले की ते नख घासून बघायचे. कुठं फट लागली की म्हणायचे, "उसव."

दिवसभर ते माझ्याशी तेवढाच एक शब्द बोलले. उसव. मी उसवत होते आणि परत बांधत होते. सगळ्या कड्या बसल्यावर त्यांनी एक डोळा मिटून बुंध्याकडून शेंड्याकडं बघितलं, एक कडी कणभर सरकवायला लावली, मग वरून चिकट रोगण भरलं. ते सुकेपर्यंत काठी फिरवत राहावी लागते, नाहीतर एका बाजूला ओघळतं. ती आम्ही आळीपाळीनं फिरवली. शेवटी कापूस ओढला. शेंड्यापर्यंत सरळ निघाला.

आता काठी पक्की आहे. त्यांना घरात ठेवायला माझ्याकडं एकही सबब उरलेली नाही, आणि परत फिट आली तर दर वेळी दहावा नसतो घाटावर.

काल म्हणाले, "इंद्र्याला लिही. ये म्हणावं. कायगावला जाऊ."

"मी येऊ का सोबत?"

"तू नको."

म्हणून हात जोडते, ये. माझ्यासाठी येऊ नकोस. आणि आलास की त्यांच्या उजव्या बाजूला उभा राहा. फिट यायच्या आधी त्यांचा उजवा अंगठा बोटांवर फिरायला लागतो, बोटाला लागलेली हळद पुसावी तसा. तो दिसला की काही विचारू नकोस. कमरेला धर, मागं ओढ, कुशीवर निजव. हे मी तोंडानं कधी कुणाला सांगितलं नाही. डॉक्टरलाही नाही. मला वाटायचं, हे कळायला मी त्यांच्याजवळ आहे, पुरे आहे.

ताई


एसटीत
२७ नोव्हेंबर

इंद्रा,

अक्षर हलतंय, समजून घे.

तू आलास, राहिलास, गेलास. माझ्याशी जेवणापुरतंच बोललास, त्याची तक्रार नाही. रविवारी सकाळी मी तिघांचा डबा भरला होता. तात्यांनी तो उघडून माझ्या वाटणीच्या भाकरी काढून ताटलीत ठेवल्या आणि झाकण लावलं. तू बघितलंस आणि मान वळवलीस. दिवसभर त्या भाकरी तिथंच होत्या, मी मशीनवर बसले होते आणि चुकीच्या ब्लाऊजला चुकीच्या बाह्या लावल्या. संध्याकाळी तुमचं हसणं कोपऱ्यावरून ऐकू आलं. रोहू चांगला होता. तात्यांना मी एवढं बोलताना आईच्या वेळेपासून बघितलं नव्हतं.

पण तू सोमवारी गेलास आणि काठी इथं राहिली.

आज सकाळी मी दुकान उघडते तर तात्या बूट घालून, पिशवी खांद्याला, काठी हातात. "कायगावला चाललो."

"कुणासोबत?"

"रस्ता माहितीय मला."

खरं सांगते, जिभेवर आलं होतं. म्हणणार होते, आज एसटीचा संप आहे. इतकं सहज आलं की माझीच मला भीती वाटली. गिळलं. दाराबाहेर आले, आणि त्यांच्या हातातून काठी काढून घेतली. ओढून घ्यावी लागली. भाजीवाला थांबला. समोरच्या गॅलरीत बाया आल्या.

"तात्या, काठी देत नाही," मी म्हटलं. "लपवत नाही. बघा, इथं धरलीय, सगळ्यांसमोर. मी सोबत येणार असेन तर चला. नाहीतर ही माझ्याकडं राहील."

ते जे बोलले ते मी लिहीत नाही. माझ्या सासरचं काढलं, आजवर कधी काढलं नव्हतं ते. आईचं काढलं. आवाज पार मंदिरापर्यंत गेला असेल. "निघ माझ्या घरातनं. आत्ताच्या आत्ता निघ."

"निघते. काठी घेऊन निघते."

त्यांनी हात उचलला. मी हाताकडं बघत नव्हते, अंगठ्याकडं बघत होते. अंगठा शांत होता. नुसता राग होता तो, निखळ. काठी मी छातीशी धरली होती आणि सोडली नाही. तू त्या दिवशी कसा उभा राहिला असशील ते मला आज कळलं.

ते उंबऱ्यावर बसले. भाजीवाला निघून गेला. गॅलरीतल्या बाया गेल्या. ते बसलेलेच.

मग म्हणाले, माझ्याकडं न बघता, "पाण्याला भितीस ना तू?"

"भिते."

"मंग?"

"मंग काय. भित भित बसेन."

मग उठले आणि म्हणाले, "शटर ओढ."

तेव्हापासून एक शब्द नाही. खिडकीशी बसलेत, तोंड बाहेर. चपाती-लोणचं घाईघाईत बांधलंय, त्याचा वास पिशवीतून येतोय. काठी माझ्या दोन्ही गुडघ्यांच्या मधे उभी आहे, गाडी खड्ड्यातून गेली की टपाला लागते आणि ते रागानं माझ्याकडं बघतात. घाटावर गेल्यावर मी कुठं बसायचं, पाय पाण्यात टाकायचे का नाही, काहीच माहीत नाही.

वाळूज सोडल्यावर कंडक्टर आला. मी पर्स उघडायच्या आत तात्यांनी सदऱ्यात हात घातला.

"कायगाव," म्हणाले. "दोन हाफ."